विश्लेषण : शून्याने भागले तर काय? भास्कराचार्यांनी आकडेमोडीतील चुका कशा हाताळल्या, आणि त्यात वाशिम कुठे येते?

वाशिम शहरात मध्यमेश्वराचे मंदिर आहे. पृथ्वीची मध्यरेखा इथून जाते, अशी गावातली जुनी समजूत. या समजुतीला एका ग्रंथाचा आधारही आहे. इ. स. ११८३ च्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात भास्कराचार्यांनी मध्यरेखेवरील ठिकाणांची यादी दिली आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या या यादीत उज्जयिनीच्या अगोदर वत्सगुल्माचे, म्हणजे आजच्या वाशिमचे नाव येते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे गाव त्या काळी पंचांगाच्या हिशेबातले शून्य होते.

आजच्या नकाशात मात्र वाशिम उज्जैनच्या रेषेवर नाही, तिच्या पूर्वेला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. आयुष्यभर आकडेमोडीतील चूक पळापळाने कमी करत गेलेल्या गणितज्ञाच्या ग्रंथात एवढी चूक कशी राहिली? आणि संगणकाच्या प्रोसेसरला व कर्नलला आज ज्या चुका सांभाळाव्या लागतात, त्यांच्याशी या माणसाच्या कामाचा काय संबंध?

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. आपले जन्मसाल आणि ग्रंथ लिहितानाचे वय त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले, त्यामुळे याबाबत वाद नाही. वाद आहे तो गावाबद्दल. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड हे आपले गाव असे ते सांगतात. पण ते गाव आज नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सातव्या शतकात याच नावाचे दुसरे गणितज्ञ होऊन गेल्याने यांना भास्कराचार्य द्वितीय म्हटले जाते.

घराणे शांडिल्य गोत्री विद्वानांचे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. पूर्वजांपैकी भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याची नोंद शिलालेखात आहे.

या घराण्याचे काम होते ज्योतिषाचे, म्हणजे मुख्यतः ग्रहगणिताचे. तिथी कधी संपते, ग्रहण केव्हा लागते, सूर्योदयाला चंद्र कुठे असेल, हे काढायचे. या व्यवसायात चूक लपत नसे. तिथीचा शेवट सूर्योदयाच्या अगदी जवळ असेल आणि हिशेब थोडा चुकला, तर एकादशी भलत्याच दिवशी येई. ग्रहणाची वेळ चुकली तर ती नदीवर स्नानासाठी जमलेल्या सगळ्या गावाला दिसे.

फ्लोटिंग पॉइंटची चूक म्हणजे काय?

एक भागिले तीन दशांशात लिहायला घेतले तर ०.३३३ असे तीन संपतच नाहीत. कुठे तरी थांबावे लागते आणि थांबलो की थोडी चूक शिल्लक राहते. संगणक दोनच्या पटीत मोजतो, म्हणून त्याला ०.१ ही साधी संख्यासुद्धा नेमकी लिहिता येत नाही.

अपूर्णांक साठवण्याची संगणकाची नेहमीची पद्धत म्हणजे फ्लोटिंग पॉइंट. यात ठरावीक अंक ठेवले जातात आणि दशांशचिन्ह गरजेप्रमाणे सरकते. ३२ बिटांच्या संख्येत अंकांसाठी २४ बिटे मिळतात, म्हणजे साधारण ७ दशांश अंक. त्यापलीकडचे अंक गळतात. संख्या जितकी मोठी, तितका गळणारा भाग मोठा.

भास्कराचार्यांपुढची अडचण वेगळी नव्हती. त्यांच्याकडे धूळपाटी होती आणि हिशेब करणारा माणूस होता. पाटीवर किती अंक मावतात, माणूस किती वेळ न चुकता गुणाकार करू शकतो, यांना मर्यादा होत्या. काही अंक सोडावे लागणारच होते. कोणते सोडायचे, हा प्रश्न होता.

छत्तिसाव्या वर्षी काय लिहिले?

इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. त्यातील लीलावती पुढे शतकानुशतके पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले.

लीलावती हे त्यांच्या मुलीचे नाव, आणि घटिकापात्रात मोती अडकून पाणी थांबल्याने तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा पत्ता नाही.

ग्रंथात आहे ते चुकीचे काटेकोर भान. वर्तुळाच्या परिघासाठी ते दोन गुणोत्तरे देतात. २२/७ हे व्यवहारासाठी, स्थूल; ३९२७/१२५० हे सूक्ष्म. १,००० हात व्यासाच्या वर्तुळाचा परीघ पहिल्याने काढला तर सव्वा हाताची चूक येते, दुसऱ्याने काढला तर हाताच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. आजचा प्रोग्रामर ३२ बिटांचा फ्लोट आणि ६४ बिटांचा डबल यांतून कामानुसार निवड करतो, त्यातला हा प्रकार.

वर्गमूळ पूर्ण निघत नसेल तेव्हा काय करायचे, याचीही रीत लीलावतीत आहे. संख्येला आधी एखाद्या मोठ्या वर्गसंख्येने गुणायचे, मग पूर्णांकातच मूळ काढायचे आणि शेवटी त्या वर्गाच्या मुळाने भागायचे. १६९/८ चे मूळ काढताना अंश-छेदांचा गुणाकार १,३५२ होतो. त्याला १०० च्या वर्गाने, म्हणजे १०,००० ने गुणले की १,३५,२०,००० येतात. त्याचे जवळचे मूळ ३,६७७. त्याला ८०० ने भागले की ४ पूर्णांक ४७७/८००. खऱ्या मुळाशी फरक एक दशसहस्रांशाहूनही कमी. सगळी आकडेमोड पूर्णांकांत झाली, अपूर्णांक फक्त शेवटी आला.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, आज हेच करतो. लिनक्सचा कर्नल स्वतःच्या कामात फ्लोटिंग पॉइंट शक्यतो वापरत नाही. त्यासाठी लागणारी रजिस्टरे चालू असलेल्या प्रोग्रामच्या ताब्यात असतात. कर्नलने ती न सांभाळता वापरली तर त्या प्रोग्रामचा हिशेब बिघडेल, आणि दर वेळी ती जपून ठेवून परत भरणे महाग पडते. म्हणून यंत्रावरील सरासरी भारासारखा अपूर्णांक कर्नल २,०४८ ने गुणून पूर्णांक म्हणून ठेवतो. घड्याळाचे ठोके नॅनोसेकंदांत बदलतानाही आधी मोठ्या पूर्णांकाने गुणायचे, नंतर बिटे सरकवून भागायचे, अशीच रीत आहे.

शून्याने भागल्यावर काय होते?

भास्कराचार्यांच्या आधी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली होती. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे ठरवले. इतर संख्यांना शून्याने भागले तर छेदात शून्य तसेच ठेवायचे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी सांगितले की शून्याने भागले तरी संख्या बदलत नाही.

भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर हे नाव दिले. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. या राशीत काही मिळवले किंवा तीतून काही काढले तरी ती बदलत नाही, असे त्यांनी बीजगणितात मांडले. जीवसृष्टी निर्माण झाली वा लय पावली तरी अनंत परमेश्वरात जसा फरक पडत नाही, तसे, असा दाखला त्यांनी दिला.

फ्लोटिंग पॉइंटचे नियम १९८५ मध्ये आयईईई ७५४ या मानकाने ठरले. कॅनेडियन गणितज्ञ विल्यम काहान यांचा त्यात मोठा वाटा होता. या मानकानुसार शून्य नसलेल्या संख्येला शून्याने भागले की उत्तर अनंत येते, आणि अनंतात कोणतीही साधी संख्या मिळवली किंवा वजा केली तरी ते अनंतच राहते. खहराचा गुणधर्म नेमका हाच.

पूर्णांकांच्या भागाकारात मात्र आजही एकमत नाही. इंटेल घराण्याचा प्रोसेसर शून्याने भागायला नकार देतो आणि काम थांबवून कर्नलला हाक मारतो. त्याच्या अपवादांच्या यादीत या हाकेचा क्रमांकही शून्यच आहे. लिनक्सचा कर्नल मग त्या प्रोग्रामला एसआयजीएफपीई हा संकेत पाठवतो. प्रोग्रामने तो हाताळण्याची सोय केलेली नसेल तर तो तिथेच संपतो. मोबाइलमधला ६४ बिटांचा एआरएम प्रोसेसर तक्रार न करता उत्तर शून्य देतो. आरआयएससी-फाइव्ह प्रोसेसर उत्तराची सगळी बिटे १ करतो, म्हणजे चिन्हरहित संख्येत मावेल ती सर्वांत मोठी किंमत. तीन प्रोसेसरांची तीन उत्तरे, जशी तीन आचार्यांची तीन.

हा वाद पुस्तकी नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर एका नोंदीत शून्य भरले गेले, त्या शून्याने भागाकार झाला, संगणकयंत्रणा कोलमडली आणि नौका पावणेतीन तास समुद्रात चालनशक्तीविना पडून राहिली.

त्यांचे उत्तर कुठे अडले?

लीलावतीत एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळवले, तीनने गुणले, शून्याने भागले. उत्तर ६३ आले, तर मूळ संख्या कोणती? भास्कराचार्यांचे उत्तर १४. त्यांचा नियम असा की पुढे क्रिया बाकी असतील तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य करू नये, तशीच ठेवावी. नंतर शून्याने भागण्याची वेळ आली तर दोन्ही शून्ये कटतात.

चूक झाली त्याच क्षणी हिशेब न मोडता तिची खूण सोबत नेणे, ही यातली दृष्टी आजच्या यंत्रांतही आहे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये शून्याने भागले तर प्रोसेसर सहसा थांबत नाही. एका रजिस्टरमध्ये खूण लावून पुढे जातो आणि कोणी पुसेपर्यंत ती खूण राहते. एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर जाताना कर्नल प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या जपतो, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसत नाही.

पण साध्या अंकगणिताचा नियम म्हणून दोन शून्ये काटणे टिकत नाही. १४ गुणिले शून्य आणि १५ गुणिले शून्य या दोन्हींचे उत्तर शून्यच. एकदा शून्य झाले की मूळ संख्या कोणती होती ही माहिती गेली. ती परत मिळवता येत नाही. काही अभ्यासकांना या रीतीत पुढच्या काळातील सीमेच्या कल्पनेची चाहूल दिसते. यंत्राच्या हिशेबात मात्र शून्य भागिले शून्य याला संख्या नव्हे असा वेगळा शिक्का मारला जातो, आणि त्या शिक्क्याशी केलेली बहुतेक प्रत्येक बेरीज-वजाबाकी तोच शिक्का परत देते.

एकोणसत्तराव्या वर्षी पुन्हा का लिहिले?

सिद्धान्तशिरोमणी गाजला, तरी पंचांग करणाऱ्यासाठी तो जड होता. त्यातील हिशेब कल्पाच्या आरंभापासून चालतो. तेव्हापासून उलटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, सुमारे ७२ हजार कोटी होतात. बारा अंकी संख्येला ग्रहाच्या गतीने गुणून पुन्हा मोठ्या संख्येने भागायचे, तेही दर ग्रहासाठी.

इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. करणग्रंथ म्हणजे रोजच्या वापराची हिशेबवही. त्यात त्यांनी आरंभच बदलला. दिवस कल्पापासून किंवा कलियुगापासून न मोजता शके ११०५ पासून मोजायचे. त्या दिवशी ग्रह कुठे होते ते आकडे एकदाच काढून दिले. त्यांना क्षेपक म्हणतात. पुढे फक्त मधल्या दिवसांची गती त्यात मिळवायची. ज्यांची कोष्टके लागतात अशा ज्याही त्यांनी आटोपशीर केल्या. १२० त्रिज्येच्या वर्तुळासाठी दर १० अंशांना एक, असे फक्त ९ फरक : २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज बरोबर १२०.

याचा फायदा आजच्या भाषेत मोजता येतो. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये कल्पापासूनचा अहर्गण ठेवला, तर लागोपाठच्या दोन संख्यांत ६५,५३६ दिवसांचे अंतर पडते. जवळपास १७९ वर्षे. म्हणजे भास्कराचार्यांचा जन्म आणि त्यांचे ग्रंथ एकाच आकड्यात जमा. कलियुगापासून मोजले तर ११८३ मध्ये अहर्गण १५ लाख ६४ हजारांच्या घरात येतो आणि अंतर ३ तासांवर उतरते. अलीकडचा आरंभ धरून दिवस ४,००० च्या आसपास ठेवले, तर तेच अंतर सुमारे २१ सेकंद. यंत्र तेच, बिटे तीच. बदलला फक्त मोजणीचा आरंभ.

हे न केल्याची किंमत २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे मोजावी लागली. पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सुरू झाल्यापासून सेकंदाचे दशांश मोजत होते आणि त्या आकड्याला २४ बिटांत तोडलेल्या ०.१ ने गुणत होते. एका दशांशामागची चूक नगण्य होती. पण यंत्रणा सुमारे १०० तास बंदच केली नव्हती. ३६ लाख दशांशांनंतर चूक ०.३४ सेकंदांची झाली, येणारे क्षेपणास्त्र चुकीच्या जागी शोधले गेले आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. यंत्रणा मध्येच बंद करून पुन्हा सुरू केली असती तर मोजणी शून्यावर आली असती. नवा करणग्रंथ लिहिणे म्हणजे तेच.

मग वाशिमची चूक कशी राहिली?

उज्जैन सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, वाशिम सुमारे ७७.१ अंशांवर. फरक साधारण १.३५ अंश, वेळेत ५ मिनिटे २४ सेकंद, जुन्या मापात साडेतेरा पळे. मध्यरेखेवरच्या गावाला देशांतराचा संस्कार करायचा नसतो. त्यामुळे वाशिमच्या ज्योतिषाने ग्रंथाप्रमाणे शून्य धरले, तर सूर्योदयापासून तिथी संपेपर्यंतचा काळ साडेतेरा पळे कमी निघणार. एरवी हे कोणाच्या लक्षात येणार नाही. पण तिथी सूर्योदयाच्या तोंडावर संपत असेल त्या दिवशी व्रताचा दिवसच बदलेल.

ही चूक गणिताची नव्हती. दोन गावांतील पूर्व-पश्चिम अंतर अचूक काढण्याची त्या काळातली भरवशाची रीत एकच : एकच चंद्रग्रहण दोन्हीकडे किती वाजता दिसले ते ताडून पाहायचे. वेळ मोजायला घटिकापात्र. चंद्राला छाया नेमकी कोणत्या क्षणी लागली हे डोळ्यांनी ठरवायचे. एवढ्यात साडेतेरा पळे सहज हरवतात. त्यातून मध्यरेखेवरील ठिकाणांची नावे परंपरेने चालत आलेली होती. आत येणारा आकडाच चुकीचा असेल, तर पुढची रीत कितीही बारीक असली तरी उत्तर सुधारत नाही. यंत्रातही संवेदकाने चुकीची नोंद दिली तर ६४ बिटे तिला बरोबर करू शकत नाहीत.

तरीही वाशिमची चूक आणि धाहरानची चूक यांत मोठा फरक आहे. धाहरानची चूक दर तासाला वाढत होती. वाशिमची चूक ११८३ मध्ये साडेतेरा पळे होती, आजही तेवढीच आहे. अशी चूक एकदा सापडली की एकच आकडा मिळवून कायमची मिटते. ग्रह प्रत्यक्षात जिथे दिसतात आणि गणिताने जिथे येतात त्यांतला फरक भरून काढण्यासाठी ज्योतिषी बीजसंस्कार देत. भास्कराचार्यांनीही तो स्वीकारला होता. सूत्र न मोडता वरून दुरुस्ती देण्याची जागा त्यांनी ठेवली होती.

पुढे काय झाले?

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेले. नातू चांगदेव सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याला निकुंभ घराण्यातील सोईदेवांनी दिलेल्या दानाचा इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

करणकुतूहलाचाही आरंभ हळूहळू मागे पडला, अहर्गण पुन्हा वाढला. इ. स. १५२० मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यांनी दिवसांचे ११ वर्षांचे, म्हणजे ४,०१६ दिवसांचे चक्र केले. चक्र भरले की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणजे अहर्गण कधी फुगतच नाही. ज्यांची कोष्टकेही त्यांनी काढून टाकली. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून होत राहिली. याच गणेश दैवज्ञांनी लीलावतीवर टीकाही लिहिली.

हेन्री कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत नेले. ७ जून १९७९ रोजी सोडलेल्या भारताच्या उपग्रहाला भास्कर हे नाव मिळाले. आजची पंचांगे गावागावाचे रेखांश धरून संगणकावर होतात. वाशिमचा सूर्योदय त्यांत उज्जैनहून वेगळा छापला जातो, आणि तो हिशेब करणारा संगणक शून्याने भागायची वेळ आली तर काय करायचे हे आधीच ठरवून बसलेला असतो.